ओढ्यावरचा फेस

३ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कार्याची सुरुवात नेमकी नोंदवायची राहून जाते आणि मागाहून लोक वाट्टेल ते लिहितात. ती संधी मी कुणाला देणार नाही.

नगरपालिकेचा नवा नियम आला. पावसाच्या पाण्याच्या गटारात पावसाशिवाय काहीही जाता कामा नये. साबण नाही, ऑइल नाही, रंग नाही, झाडून काढलेला पालासुद्धा नाही. सांडपाण्याची लाइन जाते शुद्धीकरण केंद्राकडे, पण हे गटार जातं थेट गल्लीमागच्या ओढ्यात. मला हे आधीपासून माहीत होतं. गल्लीत इतर कुणाला माहीत असण्याची शक्यता नाही. एक डेंटिस्ट आहे, दोन प्राध्यापक आहेत, पण अकलेच्या नावाने आनंद आहे.

संध्याकाळी ओढ्यावर फेरी. पुलाखाली पांढरा फेस. दोन बदकं त्यातून मान वर काढून चालली होती, दाढीला साबण लावून खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकांसारखी.

गुन्हेगार उघड आहे. गल्लीच्या तोंडाशी मेहुण्याचं गाड्या धुण्याचं दुकान. हिचा धाकटा भाऊ. आठवडाभर साबण आणि पाइप. आणखी पुरावा तो काय पाहिजे?

घरी येऊन हिला सांगितलं. ही मशीनमधून धुतलेले कपडे काढत होती. म्हणाली, रविवारी त्याचं दुकान बंद असतं. माहेरचा विषय निघाला की हिचं लॉजिक सुटतं.

५ मार्च, मंगळवार

गल्लीची सभा. 'ओढा संरक्षण समिती' स्थापन. अध्यक्ष डेंटिस्ट, कारण त्यांच्याकडे खुर्च्या आहेत. सचिव मी. एकमताने निवड. एकमताने म्हणजे बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते.

हिला बातमी दिली. अभिनंदन वगैरे काही नाही. दूध संपलंय म्हणाली.

९ मार्च, शनिवार

गल्लीतल्या गटाराच्या प्रत्येक जाळीशेजारी पिवळ्या रंगात लिहिलं: 'सावधान! हे पाणी ओढ्यात जाते.' एकट्याने. एकही सभासद फिरकला नाही. कुणाची कंबर, कुणाचा पाहुणा. कंबर मलाही आहे.

शेवटी ब्रश जाळीवरच धुऊन टाकला. एवढ्याशा रंगाने काही होत नाही. शिवाय तो नियमाच्याच कामाचा रंग.

१० मार्च, रविवार

पुन्हा फेस! कोडगेपणाची हद्द आहे.

मेहुण्याला घरी जाऊन गाठलं. म्हणाला, भाऊजी, माझं पाणी टाकीत साठतं, गाळून पुन्हा वापरतो, या ना दुकानात, दाखवतो. मी गेलो नाही. आरोपीने मांडलेला पुरावा बघायचा नसतो. वर चहा घ्या म्हणाला. लाच! घेतला, पण बिस्किटाला हात लावला नाही.

नगरपालिकेत लेखी तक्रार टाकणार. आरोप सिद्ध झाला तर दुकानाला सील लागतं, असं नियमात स्पष्ट आहे. मला आनंद नाही. पण नात्यापेक्षा ओढा मोठा.

१२ मार्च, मंगळवार

काल तक्रार दिली. खिडकीवरच्या बाईंनी पूर्ण वाचली नाही, हे मी पाहिलं.

आज अध्यक्षांनी भलतंच काढलं. म्हणे, सभासदांनी आधी आपापल्या घरचे पाइप तपासून घ्यावेत. दात तपासायची सवय, दुसरं काय. माझा तर प्रश्नच नाही. कपड्यांच्या मशीनसाठी मागची खोली बांधली तेव्हा प्लंबर पुढच्या अंगणाची अख्खी फरशी फोडून सांडपाण्याच्या लाइनपर्यंत पाइप न्यायला निघाला होता. मी तिथल्या तिथे दाखवून दिलं की मागच्या भिंतीबाहेर एक तयार पाइप अगदी हाताशी आहे. जोडा त्याला! काम झटक्यात संपलं, फरशी वाचली. प्लंबर काहीतरी पुटपुटत होता. काम लवकर संपलं की ही माणसं नाराज होतात.

अशी दृष्टी गल्लीत किती जणांकडे आहे?

१४ मार्च, गुरुवार

मेहुण्याला नोटीस मिळाली. पुढच्या आठवड्यात तपासणी. तोवर गाड्या धुणं बंद.

हिने विचारलं, तक्रार कुणी केली. मी म्हणालो, समितीने. समितीत कोण कोण, असं विचारलं. मी नियमाची पार्श्वभूमी सांगायला सुरुवात केली तोवर तिची बॅग भरून झाली होती. भावाकडे चाललेय म्हणाली. त्याच्या दुकानाला सील लागलं तर या घरात परत पाय ठेवणार नाही म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

जाऊ दे. तत्त्वाच्या माणसाला हे सोसावंच लागतं. दोन दिवसांत येईल.

१७ मार्च, रविवार

फेस नाही!! ओढा स्वच्छ. बदकं बदकांसारखी दिसतायत.

एका तक्रारीत गुन्हेगार सरळ झाला. याला म्हणतात धाक. घरात शिरता शिरता ओरडलो, ऐकलंस का! मग आठवलं.

ही नाही तर घर उगाच मोठं वाटतं. ही वस्तुस्थिती आहे, तक्रार नाही.

२१ मार्च, गुरुवार. सकाळ.

ही आली नाही. धुतलेले कपडे संपले. बनियन उलटा घालून एक दिवस काढता येतो. दोन नाही.

मशीन मीच लावलं. त्यात काय आहे? पावडर किती घालायची ते पाकिटावर मुंगीच्या अक्षरात छापलंय. अंदाजाने घातली. कपडे जास्त मळलेले, म्हणून पुन्हा घातली. मग चादरी, मग पडदे. दिवसभर मशीन चालू ठेवणार. ही या कामाचा एवढा बाऊ का करते, कळत नाही.

२१ मार्च. संध्याकाळ.

भयंकर! पुलाच्या कठड्यापर्यंत फेस! असा आजवर कुणी पाहिला नाही. फेसाचे गोळे उडून प्राध्यापकांच्या अंगणात गेले. बदकं बेपत्ता.

सूड! दुकान बंद असताना मेहुण्याने चोरून साबण सोडला. माझ्यावरचा राग बिचाऱ्या ओढ्यावर काढला. असल्या माणसाकडे माझी बायको राहते.

हिला फोन केला. फेसाचं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, आज कपडे धुतलेत का. मी म्हणालो, धुतले, उत्तम धुतले, विषय बदलू नकोस. मग म्हणाली, तपासणी होऊ द्या. चला, वळणावर येतेय.

२२ मार्च, शुक्रवार

निरीक्षक बाई आल्या. मेहुण्याची टाकी बघितली, खाली वाकून वास घेतला, ठीक आहे म्हणाल्या. मॅनेज झाल्या असाव्यात. मी सोडतो काय! ठाम मागणी केली: रंगाची चाचणी. घराघरातल्या पाइपात रंगीत पाणी ओतायचं आणि ओढ्यात कुणाचं निघतं ते उघड्यावर बघायचं. बाई म्हणाल्या, करू. रंग हिरवा आहे. मी लाल मागितला. हिरवा शेवाळात मिसळतो आणि आरोपी सुटतो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. प्रभावित झाल्या असणार.

सभेत शिक्षेचा ठराव मी मांडला. जो सापडेल त्याने 'मी ओढा घाण केला' असं लिहिलेलं जाकीट घालून दर रविवारी काठ साफ करायचा. ठराव मंजूर. मेहुण्यानेही हात वर केला, निर्लज्ज. जाकीट आणून अक्षरं मीच रंगवली. मेहुण्याच्या मापाचं, एक्स्ट्रा लार्ज.

बाईंनी विचारलं, तक्रारदाराच्या घरापासून सुरुवात केली तर चालेल का, म्हणजे पक्षपात झाला असं कुणी म्हणायला नको. मीच सुचवणार होतो.

२४ मार्च, रविवार. सकाळ.

आज निकाल. भाषण तयार. शर्टाला स्वतः इस्त्री केली. कॉलर थोडी करपली, टायखाली झाकली जाते.

ही पुलावर येणार आहे. भावाचं खरं रूप दिसलं की रडेल. तिला मोठ्या मनाने घरी आणायचं. 'मी म्हटलं होतं' असं म्हणायचं नाही. फार तर एकदाच.

२४ मार्च. दुपार.

झालं ते असं.

बाईंचा मदतनीस माझ्या मशीनमध्ये रंग ओतून पाणी सोडायला थांबला. आम्ही सगळे पुलावर. मधल्या वेळात मी भाषण सुरू केलं. लोकांकडे तोंड, ओढ्याकडे पाठ. 'गुन्हेगार आपल्याच माणसांत असतो' हे वाक्य फार रंगलं. सगळे एकदम पुढे सरकले. माझ्याकडे बघतायत असं वाटलं. ते माझ्या मागे बघत होते.

अध्यक्षांनी खांद्याला धरून मला वळवलं.

लाल. लालभडक. गटाराच्या पाइपातून भसाभसा.

मी म्हणालो, हा मेहुण्याचा असणार. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे अजून रंग नेलाच नाही. मी म्हणालो, मग रंग सदोष आहे. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग ही हसली. आधी ही, मग सगळे. प्राध्यापकांना तर कठड्याला धरावं लागलं.

एकटा मेहुणा हसला नाही. बाईंना म्हणाला, भाऊजींना थोडी मुदत द्या, फरशी फोडून पाइप मी नीट जोडून देतो. ते सगळ्यांत जास्त लागलं. ही म्हणाली, मुदत द्या, पण ठराव म्हणजे ठराव.

भाषणाची शेवटची तीन पानं राहिली.

३० मार्च, शनिवार

अंगणाची फरशी फुटली. अख्खी. मेहुणा स्वतः फावडं घेऊन आला. मी पाणी देत होतो. पाइप आता सांडपाण्याच्या लाइनला.

संध्याकाळी ही आली. बॅग फाटकाबाहेरच ठेवली. मला मशीन लावायला सांगितलं आणि ओढ्यावर जाऊन स्वतः बघून आली. मग बॅग आत घेतली. मी सांगितलं असतं की फेस नाही, तरी तिने ऐकलं नसतं. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

३१ मार्च, रविवार

काठ साफ केला. जाकीट गुडघ्यापर्यंत येतं. पाठीवरचं अक्षर लांबूनही वाचता येतं. चांगलं अक्षर हा शाप आहे.

दुपारी अक्षरं जातात का बघायला जाकीट बादलीत चोळलं. रंग पक्का निघाला. बादली घेऊन सवयीने जाळीपाशी गेलो. 'सावधान!' माझंच अक्षर. तसाच परत फिरलो, फुटक्या फरशीवरून तोल सावरत आत आलो आणि ते पाणी मोरीत ओतलं.

हे बघायला गल्लीत एकही माणूस नव्हता.