मदर पिंक्स्टन गुणगुणतात ते गाणं

मेम्फिस, बुधवार

प्रिय ओझेल,

तू गायलेल्या प्रेमगीतांच्या दोन जुन्या सोल रेकॉर्डी पुन्हा काढू पाहणारा रेकॉर्ड कंपनीचा माणूस तू फोन उचलत नाहीस म्हणून मला फोन करतो. त्याला उत्तरं देऊन मी थकले आहे. त्या काळी त्या रेकॉर्डी कोणी फारशा घेतल्या नाहीत. आता शुक्रवारपर्यंत तुझी सही मिळाली नाही, तर तोही नाद सोडणार आहे. तुझं एकच पालुपद, "ताई, ते गाणारा माणूस मेला. मी आता रेव्हरंड आहे. मंडळी काय म्हणतील?"

आज चर्चच्या स्वयंपाकघरात आम्ही विक्रीसाठी मासे तळत होतो. चर्चमधल्या सगळ्यात वडीलधाऱ्या, ज्यांना तूही वचकून असतोस त्या मदर पिंक्स्टन माशांना मक्याचं पीठ लावता लावता तुझंच गाणं गुणगुणत होत्या.

"मदर, हे भजनाच्या पुस्तकातलं नाही," मी म्हणाले.

"मला शिकवू नकोस, मास्तरीणबाई. हे गाणं ऐकून माझा नवरा भांडण विसरून घरी आला होता."

"रेव्हरंडना वाटतं, तुम्ही त्याला पाप म्हणाल."

"मला विचारलंय कधी त्यांनी? ते नुसतं सांगतात."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू रविवारी त्याचं प्रवचन करशील आणि सही राहूनच जाईल. फोनवर एवढंच सांगेन, की उद्या मासे तळायला माणूस कमी आहे, ये. मदरच्या शेजारी तुला उभं करीन आणि मी गप्प बसेन.

तुझी थकलेली बहीण,
अल्मीडा