उश्पियाची पाटी

माझ्या आईला, तारामला, वाचून दाखवा. तिचा नादिनु असं सांगतो:

मी बरा आहे. पाठ दुखते, पण फार नाही. शेळी व्याली का?

इथे अश्शूर देवाचं देऊळ पुन्हा बांधतोय. जुन्या राजाची नाव कोरलेली पाटी सापडली, की तिला तेल लावून परत पायाच्या भिंतीत ठेवायची, ही रीत. एका पाटीवर लिहिलंय, की देऊळ सगळ्यात आधी उश्पिया राजाने बांधलं. मग त्याची पाटी कुठाय? मला राहवेना. खणत गेलो, तर खाली नुसती माती!

मुकादमाला म्हटलं, "असला राजा होता तरी का?"

"पाटी नाही म्हणून माणूसच नव्हता होय रे, शहाण्या? मागच्यांनी नाव घेतलंय ना!" असं म्हणून त्याने मातीवरच तेल ओतलं आणि उश्पियाचं नाव मोठ्याने घेतलं.

आई, आपल्या धाकट्याचं, बलासीचं, प्रेत लढाईवरून आलं नाही, म्हणून अवसेला पितरांना पाणी देताना तू त्याचं नाव गाळतेस. आता गाळू नकोस. आपला बलासी होता, आई.

मुकादमाचं तेल संपायच्या आत मीही इथे हळूच त्याचं नाव घेतलं.