भिंतीपलीकडचा टीव्ही

ऑकलंड, ४ मे १९९६

ती. आईस,
लोसालीनेचा शि. सा. न. वि. वि.

बीफचे डबे बोटीने पाठवलेत. विलियामीकाकांच्या नजरेला पडायच्या आत उतरवून घे!

फेलेतीची काळजी वाटते. इथल्या पेपरात आलंय, त्याच्यासारख्याच डोक्याने आजारी पोराने मारामारीचे पिक्चर बघून आईवर सुरी उगारली. आपला हा दिवसभर तेच लावतो. आपल्यात बहिणीने भावासोबत बसून पिक्चर बघायचा नाही, म्हणून त्याने कॅसेट लावली की मी उठून मागच्या स्वयंपाकघरात जायचे. पण किंकाळ्या भिंतीपलीकडून ऐकू यायच्याच ना! तू तिथे एकटी. टीव्ही घरातून काढ. मी सांगितलंय म्हण, तो मोडता घालणार नाही.

अशीच माया ठेव.
तुझी लोसालीने

वावाऊ बेट, २ जून

चि. लोसालीनेस आईचे अनेक आशीर्वाद.

डबे मिळाले. त्यातले दोन विलियामीकाकांनी लाटलेच.

बहिणीचा शब्द म्हटल्यावर फेलेतीने हूं की चूं केलं नाही. स्वतःच टीव्ही उचलून काकांकडे पोचवून आला. आता तिथे रोज निम्मं गाव जमतं. तेच पिक्चर, तीच मारामारी. टीव्ही का दिला म्हणून मी तुझं पत्र दाखवलं, तर काकांनी ते चर्चमध्येही सांगितलं. बायका आता पोरांना आमच्या अंगणातून जाऊ देत नाहीत.

फेलेती गोळ्या घेतो, पण कान दाबून बसतो. मी कापडासाठी झाडाची साल कुटायला लागले की जवळ येतो. थांबले की म्हणतो, आई, कुट ना. तुझ्या लग्नाचं कापड यंदाच तयार होणार, नवरा तेवढा शोध बाई!

आठवण ठेव.
तुझी आई

वावाऊ, २० जून

चि. लोसालीनेस,

आशीर्वाद लिहिते, पण आज मनातून येत नाहीत.

शनिवारी फेलेती काकांच्या खिडकीखाली जाऊन बसला. आत टीव्ही चालू होता. कोणीतरी ओरडलं, वेडा आला. काका वल्हं घेऊन धावले. याने वार अडवायला हात वर केला, तोच मोडला. पोलिसांना काका म्हणाले, याच्या बहिणीने आधीच कळवलं होतं. ज्याने जन्मात कुत्र्यालाही दगड मारला नाही, त्याला सोमवारी बोटीने मोठ्या हॉस्पिटलात नेतायत. काका रोज काय बघतात, हे कोणी विचारलं नाही. तूही फेलेतीला काही विचारलं नव्हतंस.

आई

हॉस्पिटल, १४ जुलै

ती. ताईस फेलेतीचा नमस्कार.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस.

त्या पिक्चरांत एवढं काय होतं, असं तू मला लिहिलेल्या पत्रात विचारलंस. बहिणीशी हे बोलू नये, पण मला ठाऊकच नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. डोक्यातली माणसं बोलायला लागली की त्यांच्या वरताण आवाज लागतो, आणि मारामारीइतका आवाज गाण्यांना नसतो. एकदा आत डोकावली असतीस तर दिसलं असतं. पण तू कशी डोकावणार?

इथल्या वॉर्डात टीव्ही आहे. मी आलो की नर्स बंद करते. तुझ्या बहिणीनेच सांगितलंय म्हणते. तिला एक पत्र घाल ना, ताई. तुझा शब्द सगळे ऐकतात.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा फेलेती