शेरू आता तुझ्याकडे

चि. चारू,

आमच्यासाठी चादर आणायला तू भैरवगढला गेलीस आणि इकडे टांगा आला, म्हणून भेट राहिली. मध्यभारत राज्य मोडलं, यांची कचेरी भोपाळला हलली. तिथे तुझ्या चादरीसाठी कोण थांबतंय?

वाटणीत आमचं होतं तेवढंच नेतेय. ओसरीतला आकडा माझ्या माहेरचा, तो काढला, म्हणून तुझ्या मिट्ठूचा पिंजरा खाली ठेवावा लागला. शेरूची साखळी ट्रंकेला लागली. पिंजरा उंच आणि कुत्रा बांधलेला, हा तुझा नियम मी इतकी वर्षं निमूट पाळला. आकडा आणि साखळी कुणाची, ते तू कधी विचारलं नाहीस.

शेरू आपला दारात पडून होता. मिट्ठूच ओरडायला लागला, 'शेरू, आ जा, रोटी ले.' शिळी पोळी घालताना तू म्हणतेस ना, हुबेहूब तसं. मग तो उठून आला. पिंजऱ्याची कडी सैलच होती. माझ्या हातात साड्यांच्या घड्या होत्या, त्या काय जमिनीवर टाकू?

ओसरी धुऊन ठेवली आहे. पिसं तेवढी मोरीपाशी आहेत.

भोपाळच्या क्वार्टरात कुत्रा चालत नाही, तेव्हा शेरू आता तुझाच. त्याला मारू नकोस, त्याला तुझाच आवाज ऐकू आला होता. दुसऱ्या कुठल्या हाकेला तो जेवायला येत नाही. संध्याकाळी पोळी घालशील तेव्हा तशीच हाक मार.

तुझी थोरली जाऊ,
विनोदिनी