ट्रॅक्टर खाली उतरला

रविवार, सांजच्याला. आदिलाबाद.

ट्रॅक्टर दारात उभा हाये. अजून खरं वाटून नाही राह्यलं.

सांगलीचं घर आवरून आमी माझ्या माहेरच्या मुलखात आलो. ट्रॅक्टर मागून ट्रेलरवर आला, पण उतरवायच्या फळ्या तिकडंच राहिल्या. ट्रेलरवाला म्हणे, तासाभरात निघतो. यांचा चेहराच उतरला. इथं पोट त्याच ट्रॅक्टरवर भरायचं. आन् मी निघताना म्हटलं होतं, ट्रॅक्टर इकून टाका. काऊन म्हटलं असंन?

शेजारच्या कमलबाई गलका ऐकून आल्या, हाताला ज्वारीचं पीठ तसंच. कालच ओळख झालेली.

"कापसाच्या जिनिंगचा ओटा ट्रेलरएवढाच उंच हाये," त्या म्हणाल्या. "मागून उतार हाये. माहा भाऊच तिथं चौकीदार हाये, चला."

ट्रेलरच्या पुढं झपाझपा चालत गेल्या. पीठ धुवायलाही थांबल्या नाहीत. ट्रेलर ओट्याला भिडला, यांनी ट्रॅक्टर हळूच ओट्यावर घेतला आणि उतारानं खाली आणला.

मी कमलबाईंचा हात धरला. त्या यांना म्हणाल्या, "भाऊ, उद्या सकाळी आमच्या वावरात या. नांगरायचं हाये."