दामिनीच्या हातची सुरी

बाबा, तुमाले आन आईले हर्षाचा नमस्कार.

कुरुदले आमी सारे बरे आहो, पण माहा जीव रागानं जळून राहिला. तुमी मले शिकवलं तसं मी आंगणात माह्या दामिनीले आन शेजारणीयले कोंबडी कापाले शिकवून राहिली होती. तेवढ्यात ह्यांचे मोठे भाऊ आले आन पोरीच्या हातची सुरी हिसकली. "पोरीच्या जातीले हे शोभते का?"

मंग जेवाले बसले आन पहिले कलेजीच मागितली! मी ताट उचललं. म्हटलं, "पोरीची माफी मागा, मंगच जेवा."

ते उपाशीच गेले.

हे ड्युटीवरून आले, सारं आयकलं आन दामिनीजवळ बसले. "बेटा, मलेबी शिकव."

राग अजून उतरला नाही, पण चिंता नोका करू. आईचे गुडघे कसे आहेत?

तुमची,
हर्षा