आरीची नवी मूठ

उधना, सुरत
जानेवारी १९९७

प्रिय ताई,
उज्ज्वलाचा नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला थांबला का?

हात दुखू नयेत म्हणून शेठने भरतकामाच्या आरीला नवी लाकडी मूठ करवलीय. आधी आम्हा बायकांनाच वापरून बघायला दिली. बाकीच्यांनी "टोचते" म्हणून लगेच खाली ठेवली. मी दुपारपर्यंत टाके घातले आणि छान आहे म्हणाले. शेठ खूश झाला.

मग साडीवर रक्त दिसलं. मुठीचं कुसळ माझ्या अंगठ्यात रुतलं होतं, आणि मला कळलंच नव्हतं. डागावर टिकल्या लावल्या, कुणाला बोलले नाही. आता प्रत्येक नवी मूठ आधी माझ्याच हातात देणार आहेत.

ताई, आईची बोटं बधिर झाली, तेव्हा सुरुवात अंगठ्यापासूनच झाली होती का? तिला विचारू नकोस. तुला आठवतं तेवढंच लिही, पण लवकर लिही.

तुझीच,
उज्ज्वला